गोव्यातला तो सामना आपण जिंकला होता

दामूदादा,

परवा तुझ्या दहाव्याला घाटावर नानाशेठ काय बोलले ते तू ऐकलं नसशील, म्हणून आधी तेच सांगतो. प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच झाले, तुझ्या कंटेनर यार्डातल्या युनियनचा माणूस झाला, मग माइक नानाशेठकडे गेला. क्लबचे अध्यक्ष, त्यांचा मान. तुझ्या हेडिंगबद्दल बोलले. दोन स्ट्रायकर अंगावर आले तरी तू जागचा हलायचा नाहीस, त्याबद्दल बोलले. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "दामू गुणी होता. पण दोन बुकं जास्त शिकला असता, तर आपलं पनवेल आज वरच्या लीगमध्ये असतं. जाऊ दे. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये."

बोलू नये म्हणत बोलून घेतलं. खाली बसलेल्यांनी माना हलवल्या. एकाने तर हळूच दोन बोटं वर केली, दोन पिवळी कार्डं म्हणून. मी तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलो होतो. उठलो नाही.

त्या दिवशी उठलो नाही म्हणून आज लिहितोय. हे क्लबच्या स्मरणिकेत छापायला देणार आहे. नाही छापलं तर क्लबच्या फळ्यावर चिकटवणार आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "गप बस रं लहू, कशाला उकरतोस." नाही बसणार गप. इतकी वर्षं तुझं ऐकलं. आता तू अडवायला नाहीस, आणि असतास तरी आज ऐकलं नसतं.

तुला आठवतं, मला क्लबमध्ये तूच आणलंस. आई-बाप गव्हाणच्या बाजूला वीटभट्टीवर होते, आणि मी खाडीकाठच्या त्या जुन्या मिठागराच्या मैदानावर तुमची प्रॅक्टिस बघत बसायचो. प्रॅक्टिसची वेळ घड्याळावर नसायची. तू सगळ्यांना सांगायचास, "पाणी उतरला का या." भरतीला डावीकडचा कॉर्नर भिजायचा, ओहोटी लागली की अर्ध्या तासात वाळायचा. भरती कधी, ओहोटी कधी, हे तुझ्या डोक्यात पक्कं. तुझी शाळा मात्र सातवीला सुटली ती सुटलीच. एकदा मला लेफ्ट विंगला खेळवलंस. पंधरा मिनिटांनी बाहेर काढलंस आणि म्हणालास, "तुझे पाय नाय चालत. डोका चालतो ना? ते आन."

मी कॉलेज संपवलं आणि त्याच वर्षी आपल्या क्लबला देशाच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला. नाचून झालं, गुलाल झाला, आणि मग कागद आले. एकेका खेळाडूची नोंदणी, डॉक्टरचे दाखले, जन्माचे दाखले, सगळं इंग्रजीत. तू मला हाताला धरून नानाशेठपुढे उभं केलंस. "शेठ, हा लहू. बी.कॉम. हाय. कागद हा बघंल."

नानाशेठने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठला रे?"

"डोंगराखालच्या कातकरवाडीतला."

ते माझ्याशी नाही, तुझ्याशी बोलले. "दामू, याला झेपंल का? लीगचा कागद आहे, रेशन कार्ड नाही."

तू म्हणालास, "फॉर्म भरू द्या. मग फॉर्म वाचून बोला."

मी पंचवीस फॉर्म भरले. एक परत आला नाही. शेवटच्या पानावर मॅनेजर म्हणून सही करायची होती, तिथे मी लिहिलं, लहू हिलम, बी.कॉम. आपला गोलकीपर इम्तियाज, उरणचा, नुकताच गल्फची नोकरी सोडून आलेला, त्याने ते बघितलं आणि हसायलाच लागला. "अरे मियाँ, सहीच्या पुढे डिग्री? दवाखान्याची पाटी लावतोस का?" तू बूट बांधत होतास. मान वर न करता म्हणालास, "लिहू दे त्याला. आमी गोल मारल्यावर शर्ट काढतो, तो डिग्री लिवतो." त्या दिवसापासून मी प्रत्येक कागदावर ठासून बी.कॉम. लिहायचो. आमच्या वाडीत आधी कोणी ते लिहिलं नव्हतं.

पहिली फेरी केरळात. पनवेल स्टेशनवर यमुनावहिनी तांदळाच्या भाकऱ्यांची चळत आणि सुकटीच्या चटणीचा डबा घेऊन आल्या होत्या. रत्नागिरी यायच्या आत डबा संपला, आणि पुढचा अख्खा दिवस सगळ्या बोगीला सुकटीचा वास. एका बाईने नाक दाबलं, तर इम्तियाजने तिला भाकरीच देऊ केली.

त्याच प्रवासात तू मला तुझ्या गाठी दाखवल्यास. डाव्या नडगीच्या पॅडला तू एक सुताची दोरी बांधलेली, जाळं शिवायची. एक पिवळं कार्ड मिळालं की एक गाठ. दुसरं मिळालं की दुसरी. दोन झाल्या की एक सामना बाहेर बसायचं, बसून झालं की दोन्ही सोडायच्या. तुझा बाप खाडीत किती खेपा झाल्या ते असंच दोरीवर ठेवायचा, म्हणालास. मी हसलो. मी म्हणालो, "दादा, माझ्याकडे वही आहे ना." तू म्हणालास, "ठेव की वही. दोरी काय जेवाया मागतंय?"

केरळात आपण एकही सामना हरलो नाही. पहिल्या सामन्यात तुला एक कार्ड मिळालं, पाय उशिरा घातलास म्हणून. शेवटच्या सामन्यात फ्री किकच्या वेळी तू चेंडूसमोरून हलेनास, तेव्हा दुसरं. लॉजवर येऊन तू मुकाट्याने दुसरी गाठ मारलीस. पण आपण पुढच्या फेरीत गेलो होतो, आणि ती गाठ तुझ्या-माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

पुढची फेरी गोव्यात. तिथून एकच संघ वरच्या लीगमध्ये जाणार. जायच्या आधी लीगचं परिपत्रक आलं. ते घेऊन मी मैदानावर आलो आणि तुला वाचून दाखवलं. इंग्रजी वाचायचो, मग मराठीत सांगायचो. थोडा आवाज चढवूनच वाचत होतो, हे आज कबूल करतो. पहिल्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं की पहिल्या फेरीतली पिवळी कार्डं पुढच्या फेरीत पुसली जातील. मी म्हणालो, "सुटलास दादा. पाटी कोरी."

तू दोरी चाचपत होतास. "दोन गाठी हायत रं. दोन्ही पुसल्या?"

"पुसल्या म्हणजे पुसल्या."

"पानामागं काय हाय?"

"मागे काय असणार, शिक्के नि सह्या."

"एकदा परतवून बघ ना."

आणि मी म्हणालो, "दादा, बी.कॉम. मी आहे का तू?"

मी पान उलटलं नाही. मागे, अगदी पहिल्या ओळीत, वाक्याचा उरलेला भाग होता. एकच कार्ड असेल तर पुसलं जाईल, दोन झाली असतील तर एक सामना बाहेर बसावंच लागेल. सगळं स्पष्ट, सोप्या इंग्रजीत. आमच्या वाडीतल्या दहावीच्या पोरीनेही वाचलं असतं. मी वाचलं नाही, कारण तू सांगितलंस म्हणून पान उलटायचं हे मला कमीपणाचं वाटलं. एवढंच कारण आहे. दुसरं शोधून सापडत नाही.

गोव्यातल्या पहिल्या सामन्याआधी कोचसरांनी तुला विचारलं, "दामू, मोकळा आहेस ना?" तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. तू "हो सर" म्हणालास. यादी मी भरली, खाली कप्तान म्हणून तुझी सही, तुझ्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरांत.

तो सामना मी कोणाला विसरू देणार नाही. शेवटची दहा मिनिटं, गोल नाही. आपल्याला कॉर्नर मिळाला. सरांनी तुला वर जाऊ नको म्हणून ओरडून सांगितलं आणि तू ऐकलं नाहीस. चेंडू आला, तू दोघांच्या मधून उडालास, आणि खाली आलास तेव्हा कपाळ फुटलेलं आणि चेंडू जाळ्यात. इम्तियाज दुसऱ्या टोकाच्या गोलमधून पळत आला आणि रेफ्रीने त्याला हाकलून परत पाठवलं. एक-शून्य. पनवेलहून आलेली वीस-पंचवीस माणसं तोंडाने ढोल वाजवत होती, कारण ढोल गेटवर अडवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र आलं. समोरच्या संघाने तक्रार केली होती, आणि ती बरोबर होती. सामना त्यांना, शून्य-तीन.

लॉजच्या खोलीत नानाशेठ मधल्या खाटेवर बसले होते. सगळा संघ भिंतीला टेकून. त्यांनी परिपत्रक माझ्या अंगावर फेकलं. "कागद कोणी वाचला?"

मी तोंड उघडलं, दादा. खरंच उघडलं होतं. आवाज यायच्या आत तू बोललास. "लहूनं सांगितला व्हता बसायचा म्हणून. मीच नाय ऐकला. मना खेळायचा व्हता."

मी तुझ्याकडे बघत राहिलो आणि तू भिंतीकडे. नानाशेठ म्हणाले, "अडाणी तो अडाणीच," आणि कप्तानपद तिथेच काढलं.

मागच्या बाजूला नळावर तू बूट धूत होतास तिथे मी आलो. म्हणालो, मी आत्ता जाऊन खरं सांगतो. तू हात ओलेच ठेवून माझी कॉलर धरलीस. "बस खाली. मी डिफेंडर हाय. मना शिव्या खायची सवय हाय, शिव्या खाऊन लोकांना परत उद्या मीच लागतो. तुझा तसा नाय. तू चुकलास तर कोणी बोलणार नाय का लहू चुकला. बोलतील, कातकऱ्याच्या हातात कागद दिला व्हता. मग तुझ्या मागनं वाडीतनं जो येल, त्याला कोण पेन देल? सांग."

मला उत्तर आलं नाही. आणि खरं सांगतो, उत्तर आलं नाही याचं मला बरं वाटलं.

पुढच्या सामन्यात तू बाहेर बसलास आणि पाण्याच्या बाटल्या भरल्यास. मग उरलेले सगळे सामने खेळलास, कपाळाला पट्टी लावून. शेवटी वर गेलेल्या संघापेक्षा आपण दोन गुणांनी मागे राहिलो. जिंकलेल्या सामन्याचे गुण तीन. हिशोब पनवेलच्या रिक्षावाल्यांनाही पाठ झाला. त्यानंतर कुठल्याही गावच्या टूर्नामेंटला तू मैदानात उतरलास की पब्लिक पिवळे कागद हलवायचं. कोणीतरी ओरडायचं, "दामू, मोजता येतं का रं?" तू हात वर करून त्यांना दोन बोटं दाखवायचास आणि हसायचास. मी कागद घेऊन टेबलाजवळ बसलेला असायचो. सहीपुढे बी.कॉम. लिहिणं मी गोव्यापासून बंद केलं, ते तू ओळखलंस.

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते संपलं नाही. पहिल्यांदा मी सांगायला निघालो तेव्हा मिठागराच्या मैदानावर भराव टाकायला ट्रक लागले होते. तू गोलपोस्ट उपटून डोक्यावर घेतलेला, आणि त्याच ओझ्याखालून मला म्हणालास, "नको." दुसऱ्यांदा, मला कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात नोकरी लागली तेव्हा. रोडपालीला माझ्या भाड्याच्या खोलीवर वहिनींना घेऊन आलास, कोळंबीचं कालवण डब्यात घालून. मी म्हणालो, आता तर मला नोकरी आहे, आता सांगतो. तू म्हणालास, "नोकरी नवी हाय. पक्की होऊ दे." तिसऱ्यांदा हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तू नळ्या लावलेला हात उचलून कपाळावरच्या त्या जुन्या व्रणावर ठेवलास. "गोल कोणाचा?" मी म्हणालो, तुझा. "मग झाला तर. बाकीचा लोकांना बोलू दे." तेव्हा उलवेकडचा डोंगर विमानतळासाठी फोडत होते, आणि सुरुंगाने खिडकी वाजली की तू म्हणायचास, "रेफ्रीनं शिटी मारली."

चौथ्यांदा मी निघालोच नाही. तू बरा होऊन घरी आलास, मी येत राहिलो, आपण चहा पीत राहिलो. मला सवय झाली होती. तुझ्या नावावरच्या डागाची मला सवय झाली, दादा. हेच लिहायला बसलोय.

दहाव्याच्या संध्याकाळी यमुनावहिनींनी मला आत बोलावलं. ट्रंकेतून तुझं पॅड काढलं. डाव्या नडगीचं. दोरी तशीच, दोन गाठी तशाच. मी म्हणालो, वहिनी, दादा तर पुढचा सामना बाहेर बसला होता, मग सोडल्या कशा नाहीत?

त्या म्हणाल्या, "मी पण इचारला व्हता. बोलले, एक माझी हाय ती सोडता येल. पन दुसरी लहूची हाय. त्याला वाटल तवा तो सोडल. तवर दोन्ही र्‍हाऊ दे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गोव्यावरनं आले त्याच दिवशी सांगितला. मना राग आला व्हता तुझा. लय." त्यांनी पॅड माझ्या मांडीवर ठेवलं. "आता चा घे."

म्हणजे तू थांबवत होतास आणि वाटही बघत होतास. बघत होतास ना? मला उभं राहता येईपर्यंत. आणि मी उभं राहायला इतका वेळ लावला की तू गेलास.

काल मी क्लबच्या ऑफिसात गेलो. नानाशेठ कॅरम बघत बसले होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. पान कोणी उलटलं नाही, दामूने दोनदा काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. कॅरम थांबला. नानाशेठ म्हणाले, "आता कशाला? माणूस गेला. तू उगाच तोंड काळं करून घेतोस." आणि वर, "तरी मी तेव्हाच म्हणालो होतो दामूला, याला झेपंल का म्हणून. तुमच्या लोकांना—"

तू नळावर सांगितलं होतंस तेच. पण दादा, मला भीती वाटली नाही.

मी म्हणालो, "आमच्या लोकांना काय शेठ? माझ्या लोकांनी पान उलटलं नाही असं नाही झालेलं. मी उलटलं नाही. तुम्ही त्या वर्षी परतीची तिकिटं चुकीच्या तारखेची काढली होती, सगळा संघ मडगाव स्टेशनवर एक दिवस झोपला. तेव्हा कोणी म्हणालं का, शेठ लोकांच्या हातात तिकिटं दिली? म्हणाले, शेठ चुकले. बास. माझंही तेवढंच म्हणा. लहू चुकला. आणि दामूला अडाणी म्हणालात, ते परत घ्या. पानामागं काय आहे, हे अख्ख्या क्लबात एकाच माणसाने विचारलं होतं. तोच तो."

कॅरमवरचा एक जण म्हणाला, "शेठ, घ्या परत." नानाशेठने कॅरमचा स्ट्रायकर हातात घेतला, खाली ठेवला. परत घेतलं नाही अजून.

इथे आपलं भांडण मी संपवतो, दादा. तू म्हणायचास, माझी चूक झाकली तर वाडीतल्या पुढच्याला पेन मिळेल. तुझ्या मनात काय होतं ते मला कळतं, आणि त्या झाकण्यावर मी नोकरी केली, घर केलं, हेही खरं. त्याचं ऋण आहे. पण तू चुकलास. चूक दुसऱ्याने पोटात घातली तरच जे पेन हातात राहतं, ते आपलं नसतं. यंदा क्लबचे फॉर्म माझी पुतणी भरते, कॉलेजात आहे. ती चुकेल कधीतरी. तेव्हा तिने आपल्या तोंडाने सांगावं, मी चुकले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुढचा फॉर्म भरावा. त्यासाठी आधी मला सांगायला हवं होतं.

काल तिथेच मी क्लबच्या कपाटातून सामन्यांचं जुनं रजिस्टर काढलं. गोव्याचं पान माझ्याच अक्षरात आहे. शून्य-तीन, निर्णयानुसार. नानाशेठ म्हणाले, "रजिस्टरमध्ये खाडाखोड नको." मी म्हणालो, "खाडाखोड नाही. निकाल आहे तो राहू दे. खाली लिहितोय." खाली लिहिलं: मैदानावर एक-शून्य. गोल, कप्तान दामोदर, हेडरने. कागदावरची चूक कप्तानाची नाही, मॅनेजरची.

लिहून झाल्यावर पान उलटलं आणि मागे काय आहे ते बघितलं. काही नव्हतं.

बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि तुझी दोरी काढली. खाडीच्या पाण्याने आवळलेली गाठ, नखाने सुटेना, दातांनी सोडवली. खारट लागली. आधी माझी, मग तुझी.

रजिस्टरमध्ये त्या ओळीखाली सही केली आहे. तीच सही इथे करतो. इम्तियाज वाचून हसला तर हसू दे.

लहू हिलम, बी.कॉम.